हुकमाचा सूर : लष्करी बँड, आपला वाजंत्री आणि आपले कान



आजचा विषय आम्हीच निवडला. कार्यकर्त्यांनी सुचवलं होतं की सर, गीतेवर बोला, नाहीतर ताणतणावावर बोला. गीतेवर बोलणारे पुष्कळ आहेत आणि ताणतणाव व्याख्यानाने कमी होतो याला पुरावा नाही. म्हणून आम्ही कळवलं, लष्करी बँडवर बोलतो. तरी गीता अगदीच सुटलेली नाही. पहिला अध्याय आठवा. उपदेशाला सुरुवात होण्याआधी तिथे बँड वाजतो. भीष्म शंख फुंकतात आणि मागोमाग भेरी, पणव, आनक, गोमुख असा सगळा ताफा एकदम कडाडतो. मग पांडवांकडून उत्तर येतं. आता एक गोष्ट बघा. शंखांना नावं आहेत. कृष्णाचा पांचजन्य, अर्जुनाचा देवदत्त, भीमाचा पौंड्र. वाजवणाऱ्यालाही नाव, वाद्यालाही नाव. पण त्या भेरी कुणी बडवल्या? गोमुखात कुणी हवा फुंकली? ते काही सांगितलेलं नाही. शंख राजे फुंकत होते म्हणून नोंद झाली. बाकीची नोकरमाणसं.

आजचं आमचं बोलणं त्या बिननावाच्या माणसाबद्दल आहे. वाद्य येणाऱ्या तरुणाने लष्कराच्या बँडमध्ये जावं का, हा प्रश्न वरवर नोकरीचा दिसतो. आमच्या मते तो संगीतसमीक्षेचाही आहे, आणि समीक्षेने तो कधी नीट हातात घेतलेला नाही. घराण्यांच्या गायकीवर मराठीत उत्तम लेखन झालं. वामनराव देशपांड्यांचं 'घरंदाज गायकी' घ्या, त्या जातीचा ग्रंथ कुठल्याही भाषेला भूषण व्हावा. बँडवाल्याबद्दल तसा एकही ग्रंथ आमच्या वाचनात नाही. आम्ही बँड ऐकतो, पण संगीत म्हणून ऐकत नाही. वरात आली एवढंच ऐकतो.

असं का? इथे थोडं तत्त्वज्ञान सहन करा, आमचा तो धंदाच होता.

अॅरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स'च्या आठव्या पुस्तकात मुलांना संगीत शिकवावं की नाही याची चर्चा केली आहे. तो म्हणतो, शिकवावं, पण बेताने. धंदेवाईकाइतकं कौशल्य आलं की माणूस हलका होतो. स्वतंत्र नागरिकाने संगीत समजण्यापुरतं वाजवावं, दुसऱ्याच्या करमणुकीसाठी वाजवणं हे मजुराचं काम. त्यातही 'औलोस' नावाचं फुंकायचं वाद्य त्याला नकोच. कारणं दोन. ते वाजवताना तोंडाने बोलता येत नाही, आणि चेहरा वाकडा होतो. अथेना देवीने चेहरा विद्रूप होतो म्हणून ते फेकून दिलं, अशी कथाही तो सांगतो. त्याच्या गुरूने, प्लेटोने, आदर्श नगरातून औलोस करणारे आणि वाजवणारे दोघेही बाहेर काढले होते. पण लढवय्यासाठी धीराचे स्वर मात्र त्याला हवे होते. म्हणजे युद्धाला योग्य असा सूर पाहिजे, फक्त तो फुंकणारा आपल्या पंगतीत नको!

हे ऐकताना तुम्हाला आपलं गाव आठवलं नाही का? आपल्याकडे भरताने वाद्यांचे चार वर्ग केले : तत, सुषिर, अवनद्ध, घन. तारेचं, फुंकायचं, चामड्याने मढवलेलं आणि धातूचं. हे शास्त्रातले वर्ग. समाजाने त्यावर स्वतःचे वर्ग चढवले. वीणेला सरस्वतीच्या मांडीवर जागा मिळाली. थुंकी लागते ते वाद्य आणि मेलेल्या जनावराचं कातडं लागतं ते वाद्य गावकुसाकडे ढकललं गेलं. डफडं वाजवणारा कोण, हलगी कुणाच्या हातात, सनईला कुणाला बोलवायचं, हे वऱ्हाडातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला जातीसकट सांगता येईल. लग्न त्याच्याशिवाय लागत नाही आणि जेवायला तो सगळ्यांच्या शेवटी. बाबासाहेबांच्या चळवळीत हीन मानलेली गावकीची कामं सोडली गेली, तेव्हा कित्येक घरांतून वाद्यंही खाली ठेवली गेली. त्याबद्दल हळहळणाऱ्या कलाप्रेमींना आम्ही एवढंच विचारतो, की तुम्ही त्याला ताट कधी वाढलं होतं?

आता याच लग्नातल्या बँडवाल्याचा कोट बघा. लाल किंवा निळा, खांद्यावर सोनेरी झालर, पितळी बटणं, डोक्यावर टोपी, पुढे हात हलवत चालणारा मास्तर. हा पोशाख आला कुठून? कंपनीच्या पलटणींच्या बँडकडून. पलटण छावणीतून गेली, कोट गावात राहिला. आम्ही याला नुसती नक्कल म्हणत नाही. ज्या माणसाला पागोटं बांधून पाटलासमोरून जाताना विचार करावा लागत होता, त्याने वर्षातले लग्नसराईचे चार महिने अंगावर सरदाराचा पोशाख चढवला. भाड्याचा असेल, उसवलेला असेल. पण चढवला.

लष्करी बँड आपल्याकडे नुसता इंग्रजांनी आणला असं समजू नका. त्याच्या इतिहासात एक मराठी राजा आहे. तंजावरचे सरफोजी राजे, दुसरे सरफोजी. १७९८ ते १८३२ हा त्यांचा काळ. मोठा अभ्यासू माणूस. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनीच भरभराटीला आणलं. कंपनीने १७९९च्या तहाने राज्याचा कारभार काढून घेतला, राजांकडे किल्ला आणि आसपासचा थोडा मुलूख राहिला. लढायला फौज नाही, लढायचं कारणही नाही. अशा राजाने पाश्चात्त्य वाद्यांचा बँड बाळगला, विलायती पद्धतीने सूर कागदावर लिहवून घेतले, आणि त्याच वाद्यांवर इकडचं संगीतही वाजवून घेतलं. गंमत बघा. फौज गेली, बँड राहिला! लष्करी संगीताला लष्करापासून वेगळं काढलं तर काय उरतं, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गात विचारायचा. सरफोजींच्या दरबारात तो प्रत्यक्ष वाजत होता. उत्तरही मिळत होतं, की संगीत उरतं, आणि बऱ्यापैकी उरतं.

यातला कागद महत्त्वाचा आहे, त्यावर जरा थांबू. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात स्कुटारीला इंग्रजांच्या पलटणी जमल्या होत्या. राणीचा वाढदिवस. सगळ्या बँडनी मिळून त्यांचं राष्ट्रगीत सुरू केलं, आणि प्रत्येक पलटणीची मांडणी वेगळी, पट्टीही वेगळी. पाहुण्यांसमोर गोंगाट झाला. त्या नाचक्कीनंतर १८५७मध्ये नेलर हॉल इथे लष्करी संगीताची शाळा निघाली. साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. इकडे त्यांच्याच हिंदी पलटणी उठत होत्या तेव्हा तिकडे ते बँडची पट्टी जुळवत होते.

तर बँडचा पाया काय? सगळ्यांनी एकाच कागदावरून, एकाच पट्टीत, एका माणसाच्या इशाऱ्यावर वाजवणं. आमच्या रागसंगीतवाल्या मित्रांना हे ऐकून गुदमरायला होतं. त्यांचं म्हणणं असं, की कलाकार क्षणाक्षणाला नवं सुचवतो, बँडवाला सांगितलेलं वाजवतो, तेव्हा तो कारागीर आहे, कलाकार नव्हे. कांटनेही अशीच वाटणी केली आहे, मुक्त कला एकीकडे आणि मजुरीसाठी केलेली कारागिरी दुसरीकडे. (याच कांटने संगीतावर दुसरा एक आरोप ठेवला आहे. संगीत शेजाऱ्याची परवानगी न घेता त्याच्या घरात शिरतं, असभ्य आहे. लग्नसराईत आमच्या गल्लीतून डीजे जातो तेव्हा आम्ही पूर्णपणे कांटवादी असतो.)

पण या वाटणीत एक लबाडी आहे. मुक्त कला शिकण्यासाठी पोराला गुरूच्या दारी वर्षानुवर्षं बसावं लागतं. गुरूने घेतलं तर. घेतलं तरी सगळं देईल याची खात्री नाही. चीजा लपवून ठेवल्याच्या कथा आपण कौतुकाने सांगतो. आणि गुरूचं दार कुणासाठी उघडायचं हे फक्त आवाजावर ठरत होतं, असं कुणी म्हणत असेल तर त्याने आपल्या गावात दोन दिवस राहावं. कागदावरच्या सुराला हे दार नाही. पाच रेषा आणि त्यावरचे ठिपके वाचता आले की वाशीमचा पोरगा आणि व्हिएन्नाचा पोरगा एकाच ओळीत बसतो. पलुस्करबुवांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि स्वरलेखनाचा आग्रह धरला, भातखंड्यांनी जन्मभर चीजा लिहून काढल्या. या दोघांना संगीत घरंदाजांच्या कोठडीतून बाहेर काढायचं होतं. बडोद्याला मौलाबक्षांनी स्वरलेखन शिकवलं, आणि त्यांचा मुलगा लंडनला रॉयल अॅकॅडमीत शिकून आला. सयाजीरावांच्या त्या राज्यात गायनशाळा आणि बँड एकमेकांचे शेजारी होते. गोव्यात तर चर्चच्या गावोगावच्या शाळांनी कित्येक पिढ्या पोरांना सुरांचं वाचन शिकवलं. हिंदुस्थानभरचे बँड आणि पुढे हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद त्या शिदोरीवर उभे राहिले.

उलट बाजूही सांगतो. जो कागद सगळ्यांना आत घेतो, तोच कागद कुणालाही बदलू देतो. तिसरा क्लॅरिनेटवाला आजारी पडला तर चौथा त्याचं पान वाजवील. ऐकणाऱ्याला फरक कळणार नाही, कळू नये हीच तालीम. मैफलीत गवय्या बदलला तर मैफलच बदलते. आणि मींड? बँडमध्ये ट्रॉम्बोन सोडला तर पितळी वाद्याला सुरातून सुरात घसरत जाणं कठीण. लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला भोकावरचं बोट हळूच अर्धं उचलून सिनेमाच्या गाण्यातला लाडिकपणा बरोबर काढतो. लष्करात गेला की पहिलं ते बोट सरळ करतात. त्यात काही हरवतं हे आम्हाला मान्य आहे. जे मिळतं ते हरवलेल्यापेक्षा मोठं की लहान, हे ऐकून ठरवायचं. तत्त्व सांगून ते ठरत नाही.

ऐकून ठरवायचा एक प्रसंग आपल्या मराठी संगीताच्या इतिहासात आहे आणि तो नेहमी चुकीच्या कारणासाठी सांगितला जातो. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर. भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, बालगंधर्वांच्या नाटकांशी नातं, प्रभातच्या 'माणूस' आणि 'शेजारी'चे संगीतकार. पुढे बाबासाहेबांच्या सांगण्यावरून बुद्धवंदनेलाही त्यांनीच चाल दिली. 'वंदे मातरम्' राष्ट्रगीत व्हावं हा त्यांचा ध्यास. झिंझोटीत त्यांनी चाल बांधली, दिल्लीला जाऊन नेहरूंना आणि घटना समितीच्या सदस्यांना म्हणून दाखवली. नेहरूंची अडचण बँडची होती. राष्ट्रगीतात शब्दांपेक्षा चालीला महत्त्व असतं, ती देशात आणि परदेशात बँडला, वाद्यवृंदाला वाजवता आली पाहिजे, असं त्यांनी १९४८ साली सभागृहातही मांडलं. १९४७मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या सभेत 'जन गण मन' वाद्यवृंदाने वाजवलेलं होतं आणि ते लोकांना आवडलं होतं.

मग मास्तरांनी काय केलं? ते रुसून पुण्याला परतले नाहीत. ते मुंबई पोलिसांच्या बँडकडे गेले. बँडचे प्रमुख सी. आर. गार्डनर यांच्या मदतीने त्यांनी आपल्या चालीचं पाश्चात्त्य स्वरलेखन करवून घेतलं, बँडवर ती बसवली, आणि पुन्हा दिल्ली गाठली. २४ जानेवारी १९५० रोजी निर्णय जाहीर झाला : 'जन गण मन' राष्ट्रगीत, 'वंदे मातरम्'ला तेवढाच मान.

ही गोष्ट आपल्याकडे अन्यायाची म्हणून सांगतात. कोणत्या गीतावर अन्याय झाला याचा वाद आज आम्हाला करायचा नाही. आम्हाला यात वेगळंच दिसतं. ज्याच्या गळ्यात तीन सप्तकं खेळत होती असा मैफलीचा गवय्या पोलिसांच्या बँडसमोर विद्यार्थ्यासारखा उभा राहिला. कुठला सूर पितळेत टिकतो, कुठली हरकत काढून टाकावी लागते, चालत्या पावलांना लय किती ठेवायची, हे त्याने त्यांच्याकडून समजून घेतलं. मराठी संगीतात मैफल आणि बँड समोरासमोर बसले तो हा प्रसंग, आणि त्यात शिकायला मैफल आली होती. झिंझोटीची निवडही बघा. शुद्ध सुरांचा, सरळ चालीचा राग, उतरताना कोमल निषाद. पितळी वाद्यांना तो पेलतो. तोडी घेऊन गेले असते तर बँडच्या ठरावीक सुरांत तिचा गंधार सापडला नसता. गार्डनरसाहेबांचं नाव इतिहासात राहिलं, ठीक आहे. ज्या शिपायांनी ते फुंकलं त्यांची नावं ही गोष्ट सांगणारा कुणी सांगत नाही. पुन्हा तीच भेरी.

एक नाव मात्र राहिलं आहे. कॅप्टन राम सिंग ठाकूर. गोरखा पलटणीच्या बँडमधला पोरगा, पुढे नेताजींच्या आझाद हिंद सेनेत गेला. 'कदम कदम बढाये जा'ची चाल त्यांची, आणि 'जन गण मन'वरून केलेल्या आझाद हिंदच्या कौमी गीताची धूनही त्यांनीच बसवली. स्वातंत्र्यानंतर उत्तर प्रदेशच्या सशस्त्र पोलिसांचा बँड त्यांनी सांभाळला. २००२ साली ते गेले. बँडमधून माणूस कुठवर जाऊ शकतो याचा हा दाखला.

आता अलीकडचं. दरवर्षी २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात बीटिंग रिट्रीट होतो, तुम्ही दूरदर्शनवर बघता. त्यात शेवटाकडे 'अबाइड विथ मी' ही ख्रिस्ती प्रार्थना वाजायची, गांधीजींच्या आवडीची. २०२२ साली ती काढली आणि तिथे 'ऐ मेरे वतन के लोगों' आलं. यावर देशात दोन तट पडले. एक म्हणे परकी धून गेली ते बरं झालं, दुसरा म्हणे गांधींचा अपमान झाला. दोन्हीकडच्या लोकांनी वाद घातला तो झेंड्यांचा. सुराबद्दल कुणी बोललं नाही. आम्ही बोलू.

परकी म्हणून धून काढायची तर सॅक्सोफोन बेल्जियमच्या सॅक्सचा आहे, ट्रम्पेटची झडपही आपली नाही, बँड हा प्रकारच आपला नाही. तेव्हा हा युक्तिवाद टिकत नाही. दुसऱ्या बाजूने, त्या जागी आलेली चाल ही आपल्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची, लताबाईंनी १९६३च्या जानेवारीत दिल्लीत पहिल्यांदा गायलेली. तिला कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. पण ऐका. ती प्रार्थना चार आवाजांसाठी बांधलेली, प्रत्येक ओळ लांब सुरावर येऊन विसावते. पितळेला लांब सूर आवडतो, त्यातच त्याचा आवाज फुलतो. त्यावर दुरून घंटांचं उत्तर यायचं. संध्याकाळ, उघडं मैदान, सगळं त्या चालीच्या उपयोगी पडत होतं. उलट 'ऐ मेरे वतन'ची सुरुवात जवळपास तालाबाहेरची, बोलल्यासारखी. तिथे सगळं ओझं शब्दांवर आणि लताबाईंच्या श्वासावर आहे. बँड ती वाजवतो तेव्हा ऐकणारा मनातल्या मनात शब्द भरतो आणि त्या शब्दांनी त्याचे डोळे ओले होतात. म्हणजे बँड आठवण करून देण्याचं काम करतो, संगीताचं काम लताबाईंनी साठ वर्षांपूर्वीच करून ठेवलेलं असतं. आमचं म्हणणं असं, की प्रार्थना बदलायची होती तर बदला, पण पितळेसाठी, संध्याकाळसाठी, त्या मैदानासाठी नवी चाल बांधा. बांधणारे बँडमध्येच आहेत. त्या कार्यक्रमातल्या कितीतरी धुना सैन्यातल्याच संगीतकारांनी रचलेल्या असतात. निवेदक नावंही घेतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात रोषणाईचा फोटो येतो, धुनेबद्दल एक ओळ येत नाही. क्रिकेटच्या बाराव्या खेळाडूवरसुद्धा आपण यापेक्षा जास्त लिहितो.

आता नोकरीकडे येतो, कारण इथे समोर तरुण मंडळी बसली आहेत.

मध्यंतरी या भागातल्याच एका बापाने आम्हाला गाठलं. स्वतः बँड पार्टीत होता. म्हणाला, "सर, माहा पोरगा क्लॅरनेट वाजवते. त्याले मिल्ट्रीच्या बँडात घेतात का? अन् घेतलं त ठेवतात का?" दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा शहाणपणाचा आहे.

पहिल्याचं उत्तर, घेतात. हवाई दल आणि नौदल वादकांसाठी वेगळी भरती काढतात. दहावी पास, अविवाहित, वय साडेसतरा ते एकवीसच्या आसपास. हवाई दलाच्या जाहिरातीत मुलींनाही दार उघडं आहे, आणि वाद्यांच्या यादीत क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन यांच्याबरोबर भारतीय शास्त्रीय वाद्यंही आहेत. लय आणि पट्टी पक्की हवी, एक गाणं पूर्ण म्हणता आलं पाहिजे, तयार केलेली एक धून वाजवायची, आणि कुठलंतरी स्वरलेखन वाचता आलं पाहिजे. आपलं हिंदुस्थानी स्वरलेखनही चालतं. पायदळात रेजिमेंटांचे स्वतःचे बँड आहेत. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, महार रेजिमेंटही १९४१ साली बेळगावातच उभी राहिली, आता तिचं केंद्र सागरला आहे. आणि पुढच्या शिक्षणासाठी पचमढीला लष्करी संगीताची शाळा आहे, करिअप्पासाहेबांच्या पुढाकाराने १९५०मध्ये निघालेली. युद्धात हेच वादक वाद्य ठेवून जखमींचं स्ट्रेचर उचलतात, हेही पोराला आधी सांगा. ती नुसती वाजवायची नोकरी नव्हे.

याचा अर्थ काय झाला? आमच्या समाजाने वाजंत्र्याला दोन गोष्टी कधी दिल्या नाहीत, हुद्दा आणि अक्षर. लष्कराने दोन्ही दिल्या. नाईक, हवालदार, सुभेदार हे हुद्दे, आणि स्वर वाचण्याची विद्या. त्याबदल्यात त्याने आपली मींड दिली, आपली लहर दिली, हुकमाप्रमाणे वाजवणं पत्करलं. हा सौदा आम्हाला न्याय्य वाटत आला, कारण पंधरा वर्षं झाली की पेन्शन होतं. पोटाची काळजी नसलेला वादक मग गावी येऊन चार पोरांना शिकवू शकत होता. उत्तराखंडातल्या खेड्यांत बघा, लग्नात बॅगपाइप वाजतो, तिकडे त्याला मशकबीन म्हणतात. पलटणीचं वाद्य सुटीवर आणि निवृत्तीवर आलेल्या माणसांबरोबर डोंगर चढून गावात गेलं आणि तिथलंच झालं.

२०२२च्या जूनमध्ये अग्निपथ योजना आली आणि सौद्याची एक बाजू बदलली. चार वर्षं नोकरी. पहिल्या वर्षी महिना ३० हजार, चौथ्या वर्षी ४० हजार, त्यातला तीस टक्के निधीत जमा. बाहेर पडताना सरकारी वाट्यासह आणि व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढे ठेवतात. वादकांची ती भरतीही आता 'अग्निवीर' म्हणूनच होते.

बंदूक चालवणाऱ्याला चार वर्षं पुरतात की नाही हे सेनापतींनी ठरवावं, तिथे आम्हाला बोलायचा अधिकार नाही. फुंकवाद्याबद्दल मात्र बोलतो. या वाद्याचा खरा भाग पितळेत नसतो, ओठांत असतो. ओठांची बैठक, ओठाभोवतीचे स्नायू, छातीचा दम. हे रोज तासन् तास वाजवून कित्येक वर्षांनी मुरतं, आणि काही महिने सोडलं तर उतरायला लागतं. कवायत, प्रशिक्षण, मग पलटणीच्या धुना पाठ करणं, यात पोरगा बँडमध्ये रुळतो न रुळतो तो चार वर्षं संपतात. म्हणजे जिथे वादकाचा वादक व्हायला लागतो, नेमका तिथे त्याला निधीचा धनादेश मिळतो. ज्या कागदाने माणूस बदलता येतो म्हणून आम्ही मघाशी कुरकुर केली, त्याच कागदाचा हा हिशेब आहे : पान तेच, फुंकणारा नवा. जुन्या व्यवस्थेत निदान माणूस त्या पानाबरोबर म्हातारा होत होता.

यावर काही मंडळी निष्काम कर्माचं सांगतील. देशसेवा आहे, फळाची आशा कशाला? आम्ही तत्त्वज्ञान शिकवलं आहे, त्यामुळे हे ठामपणे सांगू शकतो, की निष्काम राहण्याचा उपदेश स्वतःला करायचा असतो. कामाला ठेवलेल्याला तो करायचा नसतो.

मग पोराने जाऊ नये का? आम्ही त्या बापाला जा म्हणूनच सांगितलं, पण हिशेब घालून. बावीस-तेवीसच्या वयात हातात अकरा लाख, शिस्त, वाचता येणारं स्वरलेखन, वाजवलेली चांगली वाद्यं. लग्नाच्या बँडमध्ये एवढं कुठलं मिळतं? तिथे आता डीजेने चार महिन्यांचे दोन महिने केले आहेत. पण पहिल्या दिवसापासून पुढचं बघायचं. केंद्रीय सशस्त्र दलांनाही बँड आहेत, सीमा सुरक्षा दलाचा उंटांवरचा बँड तुम्ही २६ जानेवारीला पाहिला असेल, आणि त्या दलांत माजी अग्निवीरांना २०२२ साली १० टक्के राखीव जागा जाहीर झाल्या होत्या. महाराष्ट्र पोलीस भरतीत बँड्समनच्या जागा वेगळ्या निघतात, त्याला बारावी लागत नाही, दहावी चालते. आपली पोरं शिपाई आणि चालक याच्यापुढे जाहिरात वाचतच नाहीत.

आपल्याच जिल्ह्यात पोहरादेवीला बंजारा समाजाचं संग्रहालय उभं राहिलं, नंगाऱ्याच्या आकाराची इमारत आहे. बंजाऱ्यांचे तांडे एकेकाळी मोगलांच्या आणि मराठ्यांच्या फौजांना बैलांवरून धान्य पुरवत. फौजेबरोबर चाललेल्या माणसांचं ते वाद्य. इमारत छानच आहे, जाऊन बघा. आमची मागणी त्यापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे. तालुक्याला एका शाळेत पाच क्लॅरिनेट, पाच ट्रम्पेट, दोन ड्रम आणि आठवड्यातून दोनदा येणारा एक मास्तर. मास्तर बाहेरून आणायची गरज नाही. लष्करातून, पोलिसांतून निवृत्त झालेला वादक आसपास मिळतो, आणि बँड पार्टीतला जुना माणूस तर मिळतोच. एकाने वाचायला शिकवावं, दुसऱ्याने ते अर्धं बोट उचलायला शिकवावं. दोघांना एका वर्गात बसवलं तर पोरगा भरतीला तयार होईल आणि तिथून आल्यावरही हातात काही उरेल. शाळेच्या संचालक मंडळातली दोन माणसं इथे पहिल्या रांगेत बसली आहेत, त्यांच्याकडे बघूनच हे बोलतो आहोत.

त्या मुलांना आणखी एक. भरतीच्या तयारीत सगळे सोळाशे मीटर पळतात, वाद्य आठ दिवस आधी काढतात. पट्टी ओळखण्याची परीक्षा पळून पास होता येत नाही. मोबाइलवर तंबोऱ्याचं अॅप असतं, सकाळी वीस मिनिटं त्याच्याबरोबर एकच लांब सूर धरायचा. पहिल्या आठवड्यात ओठ सुजल्यासारखे होतील. घरचे ओरडतील. चालू ठेवायचं.

आता तुमचे प्रश्न असतील तर घेऊ.